प्रश्न उद्भवत नाही

आमच्या घरात संसद टीव्ही बघणारा एकच प्राणी आहे तो म्हणजे नाना, माझे वडील, झेडपीचे रिटायर मास्तर. क्रिकेट नको, सिरियल नको, अधिवेशन चालू असलं की अकरा वाजता चष्मा पुसून टीव्हीसमोर. शुक्रवारी तर आंघोळ लवकर उरकतात, कारण लोकसभेत शुक्रवारी परराष्ट्र खात्याची पाळी असते आणि नानांना जयशंकर ऐकायचे असतात. आवडतात असं नाही, ऐकायचे असतात. "इचारं काय आन् सांगी काय ऱ्हायना हाऊ!" असं दर पाच मिनिटांनी म्हणायचं पण चॅनल बदलू द्यायचं नाही.

आता कुणी म्हणेल अमळनेर तालुक्यातल्या खेड्यातल्या माणसाला परराष्ट्र खात्याचं काय पडलंय, कापसाचा भाव बघा म्हणावं. तर सांगतो. माझा पुतण्या बिश्केकला एमबीबीएसला आहे. आमच्याकडे आता दर दोन-चार गावांमागे एखादं पोरगं किर्गिझस्तान, रशिया नाहीतर जॉर्जियात असतं, कारण इथल्या प्रायव्हेट कॉलेजची फी ऐकली की शेत विकावं लागतं आणि तिकडची ऐकली की अर्धंच विकावं लागतं. मे 2024 मध्ये बिश्केकला जमाव होस्टेलांवर चालून गेला ती रात्र आमच्या घरानं जागून काढली. पोरगा बाथरूममध्ये लाईट बंद करून बसलेला, कुजबुजत बोलायचा, आणि ज्या एजंटनं पाठवलं होतं तो इकडून सांगतोय, "काही नाही हो काका, सोशल मीडियाचं आहे सगळं." वकिलातीनं बाहेर पडू नका म्हणून मेसेज टाकला होता, तो आम्ही त्याला फॉरवर्ड केला, त्यानं आम्हाला फॉरवर्ड केला, असा रात्रभर तोच एक मेसेज खालीवर. मग जूनमध्ये रशियात वोल्खोव नदीत चार भारतीय पोरं बुडाली, त्यात आपल्या जळगाव जिल्ह्यातली होती. त्या आठवड्यात मायनं पुतण्याला फोन करून एकच विचारलं, तुमच्याकडे नदी आहे का.

तेव्हापासून नाना नुसते बघत नाहीत, लिहून घेतात.

हा प्रश्नोत्तराचा तास प्रकार ज्यांनी कधी नीट बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खासदार किमान पंधरा दिवस आधी प्रश्न देतो, दीडशे शब्दांच्या आत. मग चिठ्ठ्या निघतात आणि दिवसाला 20 प्रश्न तारांकित होतात, म्हणजे मंत्र्यानं उभं राहून उत्तर द्यायचं, बाकीचे अतारांकित, त्यांना लेखी. वीस म्हटले तरी तासाभरात पाच-सहाच्या पुढं गाडी क्वचित जाते. आणि तारांकितचंही मूळ उत्तर मंत्री वाचत नाहीत, ते सभापटलावर ठेवलंय म्हणून सांगतात नि बसतात. खरा खेळ पूरक प्रश्नात, म्हणजे त्या उत्तरावर खासदार तिथल्या तिथं उलटून विचारतो त्यात. लेखी उत्तर अधिकाऱ्यांनी घासूनपुसून दिलेलं असतं, पूरक प्रश्नाला मात्र स्वतःच्या डोक्यानं बोलावं लागतं, म्हणून नाना म्हणतात पहिली दोन मिनिटं चहा करून या, नंतर बसा.

लेखी उत्तराचीही एक मजा आहे. प्रश्नाचे क, ख, ग, घ असे तुकडे असतात आणि उत्तर येतं "(क) ते (घ)" असं एकत्र. चार वेगवेगळ्या गोष्टी विचारलेल्या असतात आणि एकच गोळा करून वाढतात, खिचडीसारखा, मग तुम्ही शोधत बसा त्यात (ग) कुठं गेला. नाहीतर सरळ "प्रश्न उद्भवत नाही". आपल्या विधानसभेत "हे खरे आहे काय, असल्यास" असं विचारतात आणि उत्तर येतं "हे अंशतः खरे आहे". नाना शिक्षक संघटनेत होते तेव्हा त्यांच्या थकलेल्या पगाराच्या प्रश्नाला हेच उत्तर आलं होतं म्हणे. पगार अंशतः थकलाय! आजही घरात भाजी खारट झाली का विचारलं की नाना म्हणतात, हे अंशतः खरे आहे.

मानवी हक्कांचा विषय निघाला की मात्र खात्याची भाषाच बदलते. लोकसभेच्या नियमांत एक कलम आहे, नियम 41, त्यात प्रश्न कसा असू नये याची लांबलचक यादी आहे आणि त्यात असंही आहे की मित्रदेशाचा अनादरानं उल्लेख नको. म्हणजे एखाद्या देशात माणसं चिरडली जातायत असं विचारायचं असेल तरी व्याह्याशी बोलल्यासारखं विचारावं लागतं. लग्नात कसं असतं, वरबाप दारू पिऊन पडलाय हे अख्ख्या मांडवाला दिसतं पण मुलीकडचे म्हणतात तब्येत जरा नरम दिसते. ऑक्टोबर 2022 मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत चीनमधल्या शिनजियांगवर, म्हणजे तिथल्या उइघुर मुसलमानांच्या हालांवर, नुसती चर्चा ठेवायची का यावर मतदान झालं, 17 बाजूनं, 19 विरोधात आणि 11 तटस्थ, आपण तटस्थांत. खात्यानं कारण दिलं की एकेका देशाचं नाव घेऊन केलेल्या ठरावांनी कधी फायदा होत नाही ही आपली जुनी भूमिका. जुनी? अहो, 2012 आणि 2013 ला श्रीलंकेच्या नावानं आलेल्या ठरावांच्या बाजूनं आपणच मत दिलं होतं की, 2014 ला तटस्थ झालो. तेव्हा तामिळनाडूचं राजकारण होतं हे मला कळतं, सगळे देश असंच करतात हेही कळतं, पण मग भूमिका जुनी आहे असं तरी म्हणू नका. गरज असली की आपल्याला मोजताही येतं. डिसेंबर 2024 मध्ये याच खात्यानं संसदेत लेखी आकडा दिला होता, बांगलादेशात हिंदू आणि इतर अल्पसंख्याकांवरच्या हिंसेच्या त्या वर्षात 2200 घटना, त्याच्या आदल्या वर्षी 302. चांगलं केलं. पण म्हणजे मोजणारी माणसं आणि मोजायची वही खात्याकडे आहे, कुठल्या गावाला वही काढायची नि कुठल्या नाही एवढंच ठरवायचं असतं.

(मध्येच एक सांगतो. आमच्या खान्देशाला जगाची उठाठेव नवीन नाही. डिसेंबर 1936 ला फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं, बांबू-चटयांचं अख्खं नगर नंदलाल बोस यांनी उभं केलं होतं आणि अध्यक्ष नेहरू. त्या भाषणात स्पेनचं युद्ध होतं, ॲबिसिनिया म्हणजे आजचं इथिओपिया होतं, फॅसिझम होता. आमचे आजोबा सोळा वर्षांचे, ते गेले होते. काय ऐकलं म्हणून विचारलं की सांगायचे, कुठंतरी स्पेन म्हणून गाव आहे, तिथं लई मारामारी चालू आहे. नेहरू दिसले पण लांबून, टोपीएवढे.)

तर 9 ऑगस्ट 2024. शुक्रवार आणि नागपंचमी. त्या दिवशी आमच्याकडे तवा ठेवत नाहीत, चिरणं-कापणं नाही, म्हणून माय त्या मानानं मोकळी, आणि रविवारी कानबाई बसणार म्हणून रोटांचे गहू काढायला ओसरीवर बसलेली. ज्यांना कानबाई माहीत नाही त्यांना एवढंच सांगतो की आमच्या खान्देशात दिवाळीपेक्षा मोठी ती, सुरत-पुण्याला गेलेलं पोरगंसुद्धा कानबाईला घरी येतं. रोटांसाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, पाळण्यातल्या बाळाचेसुद्धा. पुतण्या आला नव्हता, तिकिटं महाग झाली होती, पण त्याची मूठ होतीच.

टीव्हीवर रशियन सैन्यात अडकलेल्या भारतीयांचा प्रश्न निघाला. हेल्पर, सिक्युरिटी असली कामं सांगून नेलेली पोरं आणि हातात बंदूक देऊन युक्रेनच्या सीमेवर. जयशंकर उठले आणि त्यांनी आकडे दिले. एकूण 91 जण. त्यातले 8 जिवानिशी गेले. 14 सुटले किंवा परत आले. 69 जणांची सुटका बाकी. पंतप्रधान मॉस्कोला गेले तेव्हा पुतिनशी बोलले, आश्वासन मिळालं, सीबीआयनं 19 माणसं-संस्थांवर गुन्हा नोंदवलाय वगैरे. रशिया म्हणतो यांनी सह्या करून नोकरी घेतलीय, आम्हाला ते तसंच्या तसं मान्य नाही, असंही बोलले. नानांनी भिंतीवरच्या कालनिर्णयवरच लिहून घेतलं, नागपंचमीच्या चौकोनात, बॉलपेननं: 91, 8, 14, 69. मग मास्तरच ते, बेरीज केली. जुळली. "बरोबर शे," म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी त्या माणसाला मार्क दिले. त्यांचं म्हणणं असं की आकडा दिला म्हणजे माणूस अडकला, उद्या कुणीही वही उघडून विचारू शकतो, "आम्ही गंभीर दखल घेतली आहे" या वाक्याला कुणी काय विचारणार.

मलाही तेव्हा हे पटलं होतं. फेब्रुवारी 2025 नंतर तितकंसं पटत नाही. अमेरिकेत बेकायदा राहणारे म्हणून परत पाठवलेले 104 भारतीय तिथल्या लष्करी विमानातून अमृतसरला उतरवले, हातात बेड्या, पायात साखळ्या, त्यात महाराष्ट्राचे 3, आणि आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर दिवसभर एकच की हे तीन कोण, आपल्याकडचे तर नाहीत ना. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत जयशंकर यांचं निवेदन झालं. परत पाठवणं नवीन नाही म्हणाले, 2009 पासूनचे वर्षवार आकडे वाचले, 2009 ला 734, 2019 ला 2042, आणि बांधून आणण्याची अमेरिकेची पद्धत 2012 पासूनची, बायका-मुलांना बांधत नाहीत असं त्यांच्या यंत्रणेनं कळवलंय. सगळे आकडे बरोबर असतील. पण लोक विचारत होते साखळीबद्दल, आणि उत्तर आलं ते किती जणांबद्दल. कुणी तुमच्या भावाला बांधून घरी आणून टाकलं आणि तुम्ही म्हणालात मागच्या वर्षी यापेक्षा जास्त आणले होते, तर वहिनी काय म्हणेल? मित्रदेश आहे, व्याही आहे, मोठा व्याही आहे, हे सगळं मान्य. नाना त्या दिवशी काहीच बोलले नाहीत, लिहूनही घेतलं नाही.

मायला मात्र एकच परराष्ट्रमंत्री माहीत, सुषमाबाई. त्याचं कारण इराकमधले 39 कामगार. 2014 च्या जूनमध्ये मोसूलला ते गायब झाले, तिथून जीव वाचवून आलेला एकजण सांगत होता सगळे मारले, आणि सुषमा स्वराज दरवेळी संसदेत सांगायच्या की पुरावा नाही. जुलै 2017 ला लोकसभेत त्या म्हणाल्या की पुराव्याशिवाय कुणाला मेलेलं ठरवणं हे पाप आहे आणि ते पाप मी करणार नाही. मग 20 मार्च 2018 ला त्यांनीच राज्यसभेत उभं राहून सांगितलं की 39 ही गेले, डीएनए जुळले. घरच्यांनी ते टीव्हीवर ऐकलं. त्यावरून मोठी टीका झाली आणि माझ्या मते बरोबरच झाली, चार वर्षं आशा लावून ठेवायची आणि शेवटी आईनं पोराची बातमी टीव्हीवर ऐकायची, आधी एक फोन तरी. माझं आणि मायचं यावर भांडण झालेलं आहे. तिचं म्हणणं बाई बरोबर बोलली. पाप ते पाप.

ती असं का म्हणते ते मला खरं त्या नागपंचमीला समजलं. ती मुठी मोजत होती आणि मी नुसता बसलो होतो म्हणून बरोबर मोजत होतो. नाना, आम्ही तिघं भाऊ, पोरं, बिश्केकवाला, मोठ्या काकांकडचे, झाले 11. आणि मायनं परत हात घातला पोत्यात.

म्हटलं माय, 11च होतात.

"त्यानी मूठ ऱ्हायनी ना," ती म्हणाली.

माझे धाकटे काका. सुरतला लूमवर होते. 2006 च्या ऑगस्टमध्ये आमच्याच तापीचा पूर सुरतेत शिरला, त्यानंतर त्यांचा फोन नाही, पत्र नाही. नाना दोनदा जाऊन आले. कारखान्याच्या मालकानं सांगितलं तो पुराआधीच काम सोडून गेला होता, कुठं ते माहीत नाही. अठरा वर्षं झाली होती, काकू माहेरी गेलेली, आणि मी घरात राहून मला माहीत नव्हतं की त्यांची मूठ अजून निघते. मूठ झाली, वर थोडे चिमटीनं सव्वाचे, आणि तिनं नानांच्या हातातलं पेन मागून कालनिर्णयवर लिहिलं, कारण दळणवालीला सांगायला तिला लागतं.

जानेवारी 2025 मध्ये रशियाचे नवे आकडे आले, खात्याच्या प्रवक्त्यानं दिले. एकूण 126, गेलेले 12, परतलेले 96, अजून तिथं 18 आणि त्यातल्या 16 जणांचा ठावठिकाणा नाही, बेपत्ता असं रशिया सांगतोय. नाना उठले, माळ्यावरून जुनं कालनिर्णय काढलं, ऑगस्टचं पान उघडलं. म्हणाले, "91 चे 126 कसे झाले? 35 नंतर भरती झाले का आधी मोजलेच नव्हते?" हा पूरक प्रश्न मी कुणाला विचारणार होतो. त्यांनी 91 खोडलं नाही, शेजारी बारीक अक्षरात नवे आकडे लिहिले, जागा संपत आली तेव्हा 16 च्या पुढं "बेप." एवढंच मावलं. त्याच्या खाली मायचं अक्षर होतं, गहू 12 मूठ.