चव्वेचाळिसाव्या वर्षी पेन्शनचा विकल्प निवडताना

2025 च्या सप्टेंबरमध्ये मी राज्य शासनाच्या मालकीच्या एका कंपनीतली अभियंत्याची नोकरी सोडून केंद्र शासनाच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा माझे वय 44 होते. कंपनीत पंधरा वर्षे झाली होती आणि साठाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत नव्या सेवेत सोळा वर्षे मिळणार होती. नेमणुकीचे पत्र हातात येताच मी निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडायला घेतला, कारण नव्याने येणाऱ्या कर्मचाऱ्याला राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली म्हणजे एनपीएस हवी की एकीकृत निवृत्तिवेतन योजना म्हणजे यूपीएस हवी, हे रुजू झाल्यापासून 30 दिवसांत कळवावे लागते.

आधी मागच्या पंधरा वर्षांचे काय होते ते पाहिले. कंपनीत भविष्य निर्वाह निधी आणि त्याच्या जोडीला 1995 ची कर्मचारी पेन्शन योजना, म्हणजे ईपीएस, लागू होती. मालकाच्या हिश्शातून वेतनाचे 8.33 टक्के या पेन्शन योजनेत जातात; परंतु ते पूर्ण पगारावर नव्हे तर 15,000 रुपयांच्या मर्यादेपर्यंतच, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त 1,250 रुपये. पेन्शनचे सूत्र सरळ आहे: पेन्शनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि 70 ने भागायचे. मात्र 1 सप्टेंबर 2014 पूर्वीच्या सेवेसाठी मर्यादा 6,500 रुपयांची धरली जाते. माझी त्याआधीची चार वर्षे आणि नंतरची अकरा वर्षे वेगवेगळी मांडली तेव्हा 371 आणि 2,357, असे मिळून 2,728 रुपये महिना निघाले, तेही 58 व्या वर्षापासून आणि कोणत्याही महागाई वाढीशिवाय. पंधरा वर्षांच्या नोकरीची ही पेन्शन पाहून मला वाईट वाटले, आणि आजही वाटते. या मर्यादेत राहून आयुष्यभर काम केलेल्यांना म्हातारपणी किती थोडे मिळते, याची चर्चा व्हायला हवी तितकी होत नाही.

दहा वर्षे पूर्ण झाली असल्यामुळे ही रक्कम काढून घेता येत नव्हती. फॉर्म 10-सी भरून योजना प्रमाणपत्र घ्यायचे आणि वय झाल्यावर ते सादर करून पेन्शन सुरू करायची, एवढाच मार्ग होता. ही सेवा केंद्र शासनाच्या अर्हताकारी सेवेत, म्हणजे पेन्शनसाठी मोजल्या जाणाऱ्या सेवेत, धरली जात नाही. अर्ज योग्य मार्गाने केला होता, ना हरकत प्रमाणपत्रही होते, आणि वेतन संरक्षणासाठी, म्हणजे नव्या सेवेत जुना पगार कमी होऊ नये यासाठी, त्यांचा उपयोग झाला. पण पेन्शनच्या दृष्टीने मी नव्या सेवेत शून्य वर्षांनीच पाऊल ठेवत होते.

खरी तुलना इथून पुढे सुरू झाली. एनपीएसमध्ये माझे मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांचे 10 टक्के व शासनाचे 14 टक्के माझ्या खात्यात जमा होतात, आणि साठाव्या वर्षी 60 टक्क्यांपर्यंत रक्कम हातात घेऊन किमान 40 टक्क्यांची वार्षिकी, म्हणजे आयुष्यभर नियमित रक्कम देणारी योजना, विकत घ्यावी लागते. यूपीएसमध्ये माझे 10 टक्के आणि शासनाचे 10 टक्के माझ्या नावे राहतात, शासनाचे आणखी 8.5 टक्के सामाईक निधीत जातात आणि बदल्यात ठरावीक रकमेची हमी मिळते. सगळीकडे सांगितली जाते ती हमी शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या 50 टक्क्यांची, परंतु ती 25 वर्षे सेवा झालेल्यांसाठी आहे. माझी 192 महिन्यांची सेवा 300 महिन्यांच्या प्रमाणात बसवली की 32 टक्के उरतात. सरासरी मूळ वेतन एक लाख धरले तर 32,000 रुपये आणि त्यावर महागाई वाढ. शिवाय प्रत्येक पूर्ण सहामाहीसाठी वेतन व महागाई भत्त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे माझ्या बाबतीत साधारण सव्वातीन महिन्यांचा पगार, एकरकमी मिळतो.

कंपनीच्या लेखा विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला टक्क्यांच्या पुढे जाऊन नोकरी मध्येच सोडण्याच्या अटी वाचायला लावल्या, आणि तो सल्ला मोलाचा ठरला. यूपीएसमध्ये राजीनामा दिला तर हमीची रक्कम मिळत नाही. आणि स्वेच्छानिवृत्ती घेऊन ती मिळवण्याइतकी वर्षे माझ्या वाट्याला येणारच नव्हती. पंचविशीत रुजू झालेल्या मुलासाठी ही अट दूरची असेल, पण माझ्यासाठी यूपीएस म्हणजे साठाव्या वर्षापर्यंत खुर्ची न सोडण्याचा निर्णय होता. दुसरे असे की, यूपीएसमध्ये माझ्यामागे पतीला 60 टक्के रक्कम मिळेल, पण आम्हां दोघांनंतर मुलीच्या हाती त्यातले काही लागणार नाही. एनपीएसमध्ये खरेदी रक्कम वारसाला परत देणारी वार्षिकी निवडता येते.

तरीही मी यूपीएस निवडली. माझ्या पतींचा छापखान्याचा व्यवसाय आहे आणि त्यांना स्वतःची पेन्शन नाही. घरात महागाईबरोबर वाढणारे एक तरी निश्चित उत्पन्न असावे, हे आम्हांला बाजारातल्या संभाव्य जास्त परताव्यापेक्षा महत्त्वाचे वाटले. आणखी एक कारण निर्णायक ठरले. यूपीएसमधून एनपीएसमध्ये एकदा जाता येते, निवृत्तीच्या किमान एक वर्ष आधीपर्यंत, आणि तसे केल्यास शासनाच्या अंशदानातील 4 टक्क्यांचा फरकही खात्यात जमा होतो. तिकडून परत मात्र येता येत नाही. सोळा वर्षांनंतर घरची परिस्थिती कशी असेल हे आज सांगता येत नसताना, ज्या दाराने पुढे जाता येते त्याच दारात उभे राहणे मला शहाणपणाचे वाटले.

विकल्पाचा अर्ज वेळेत गेला. जुन्या नोकरीची कागदपत्रे मात्र रेंगाळली. आधीच्या कार्यालयाने माझी नोकरी सोडल्याची तारीख भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत भरलीच नव्हती, आणि माझे लग्नापूर्वीचे नाव एका ठिकाणी तसेच राहिले होते. नावासाठी संयुक्त घोषणापत्र द्यावे लागले. नोकरी बदलणाऱ्या प्रत्येकीने कार्यमुक्तीचा आदेश घेण्यापूर्वीच पासबुकातील पेन्शन अंशदानाचा रकाना महिन्यामहिन्याने तपासावा, कारण एकदा कार्यालय सुटले की त्या नोंदी दुरुस्त करून घेणे कितीतरी कठीण होते. नव्या सेवेत येताना मी वारसाची नामनिर्देशने नव्याने भरली, आणि जुन्या भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावरचे नामनिर्देशनही तपासून घेतले. तिथे लग्नाआधी भरलेले माझ्या आईचे नाव होते, ते बदलून घेतले.