तुम्ही विचारलंत म्हणून: ही स्वस्तातली लेबलं कशाला?

"बालगंधर्व, हिराबाई सोडून यंग इंडिया आणि ट्विन या लेबलांच्या जुन्या ग्रामोफोन तबकड्या कशाला जमवता?" घरचे विचारतात, गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारातले ओळखीचे विचारतात, आणि जाणकार मंडळी तर जरा कीव करूनच विचारतात. स्वस्तातला माल, गाणारे हौशी, भाव शून्य. आजवर विषय बदलत आले. आता एकदा नीट सांगते.

स्वस्त होता, हे खरंच. मुद्दाम स्वस्त ठेवलेला होता. ग्रामोफोन कंपनीने १९०३ मध्ये झोनोफोन ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली आणि ते नाव कमी किमतीच्या मालासाठी वापरलं. पुढे आपल्याकडे ट्विनचंही तेच झालं. कुत्र्याच्या चित्राची, म्हणजे याच कंपनीची महागडी एचएमव्ही तबकडी ज्याला परवडत नाही, त्याने दुसऱ्या कंपनीच्या दारात जाऊ नये, एवढा साधा हिशेब.

यंग इंडिया मात्र कुणाचं धाकटं भावंड नव्हतं. १९३५ साली मुंबईत निघालेली स्वतंत्र कंपनी, कारखाना वडाळ्याला. नावाजलेले गवई आधीच मोठ्या कंपन्यांच्या करारात अडकलेले. यांच्या वाट्याला आले ते नवखे आणि हौशी गाणारे. तुम्ही ज्याला कमीपणा म्हणता, त्याच कारणाने ही माणसं माइकपुढे उभी राहिली.

आणि माल विकला जायचा कुठे? लहान गावात तबकड्यांचं वेगळं दुकान कुठलं असायला! घड्याळजीकडे, सायकलवाल्याकडे, पेटीवाल्याकडे. म्हणून मी तबकडीच्या आधी तिचं कागदी पाकीट बघते. त्यावर जांभळ्या शाईचा दुकानदाराचा शिक्का असतो. ती पाकिटं लोक सर्रास फेकून देतात, याचा मला फार राग येतो.

जुन्या नाशकातला एक वाडा पाडायला काढला होता. मी पोचले तेव्हा एक व्यापारी येऊन गेला होता. माळ्यावरच्या ट्रंकेतल्या नावाजलेल्या तबकड्या त्याने नेल्या आणि उरलेल्या चौकात उन्हात ठेवल्या. त्यांवर कुणीतरी विटा रचल्या होत्या. सगळ्यात खालची यंग इंडिया मधोमध दुभंगली होती. लेबलवर एका बाईचं नाव, अभंग. नव्वदी ओलांडलेल्या आजी ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी पाकीट हातात घेतलं, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हा आमच्या आत्याबाईंचा आवाज."

आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासऱ्यांची धाकटी बहीण. मुंबईला नातेवाइकांकडे गेल्या असताना गाऊन आल्या, दुसऱ्याच नावाने. तबकडी बाजारात आली तेव्हा भाऊ परगावी होता. साठवलेल्या पैशांतून त्यांनी घड्याळजीकडून स्वतःचीच तबकडी विकत आणली. महाग असती तर आणता आली नसती.

दोन्ही तुकडे घरी आणले, टर्नटेबलवर जुळवले, कडेला पट्टी लावली. पोलादी सुईने फट उचकटली असती, म्हणून कमी भार देणारी आजची सुई, हलकी कार्ट्रिज. मधोमध चीर म्हणजे एका फेऱ्यात दोन ठोके, तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते, म्हणजे १५६ ठोके. त्या ठकठकीतून बाईंचा अभंग आला. फोनमध्ये भरून घेतला आणि वाड्यावर जाऊन आजींना ऐकवला. त्या म्हणाल्या, "मामंजींना शेवटपर्यंत कळलं नाही हो." मग पुन्हा लावायला सांगितलं. चौकात तेव्हा मजूर तुळई उतरवत होते. मला त्या व्यापाऱ्याशी भांडायचं होतं, पण त्याला काय सांगणार? बाजाराच्या हिशेबाने तो बरोबरच होता.

सुरुवातीला मीही फक्त मोठी नावं शोधायची. तेव्हाची मी आज समोर बसून म्हणेल, "अगं, सगळंच जपायचं तर निवड कशाला करायची? या बाईंचा श्वास दुसऱ्या कडव्यात पुरत नाही." पुरत नाहीच. यंग इंडियाच्या कितीतरी तबकड्या मला दुसऱ्यांदा ऐकवत नाहीत. गाणं चांगलं म्हणून जपते, असा दावा मी करणार नाही. पण मोठ्या नावांची गाणी कुणी ना कुणी पुन्हा पुन्हा छापत राहिलं. या आवाजाची दुसरी प्रत मला अजून मिळालेली नाही, मग ती टाकायची कुणाच्या जिवावर?

माझ्यानंतर हे सगळं कुठे जाणार, हेही विचारता. त्यासाठी यादी करायला घेतलीय आणि तिथेच अडलेय. आत्याबाईंचं खरं नाव आजींनी मला सांगितलं, वर "लिहू नकोस" असंही सांगितलं. आता आजी नाहीत, वाडाही नाही. नाव लिहिलं तर शब्द मोडतो. नाही लिहिलं तर माझ्यामागे ही तबकडी पुन्हा कुणा अनोळखी हौशी बाईची होईल. आजींचा नातू म्हणतो, लिहा. मला ते अजून पटलेलं नाही, आणि न लिहिणंही पटत नाही.