बांगडा बाधला म्हणजे ॲलर्जीच असं नाही

बांगड्याचं तिखलं आणि भात जेवून अर्ध्या-पाऊण तासात तोंड लालबुंद होतं, कान तापतात, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, मानेवर चट्टे उठतात. कधी मळमळ, जुलाब. घरात निदान तयारच असतं: पित्त उठलं, नाहीतर माशाची ॲलर्जी आहे. मग तो माणूस बांगडा कायमचा सोडतो, बरेचदा विनाकारण.

बांगडा, कुपा, सुरमई, पेडवे यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा मेल्यावर कल्ल्यांतले आणि आतड्यांतले जिवाणू मांसात शिरतात आणि त्याचं हिस्टामिन बनवतात. ॲलर्जीत आपलं शरीर जे हिस्टामिन सोडतं, तेच इथे ताटातून आयतं पोटात जातं. लक्षणं सारखी दिसतात ती त्यामुळे.

एकदा तयार झालेलं हिस्टामिन उकळून, तळून किंवा गोठवून जात नाही. आगळ, चिंच, मीठ-मसाला यांनीही नाही. नीट न खारवलेल्या सुक्या बांगड्यातही ते असू शकतं. वासावर तर भरवसा ठेवूच नये, कारण मासा कुजका वास मारायच्या आधीच हिस्टामिन त्रास देण्याइतकं वाढलेलं असू शकतं. तोंडात मिरपूडीसारखी चुणचुण ही एक खूण सांगतात, पण आपण तिखल्यात जीभ चुणचुणवणारी तिरफळं घालतो, त्यामुळे ती खूण रश्शात कळणारच नाही. तळलेल्या तुकडीत कळली तर तुकडी बाजूला ठेवावी.

खरी ॲलर्जी कशी ओळखायची? एकाच पातेल्यातलं जेवलेल्या दोघा-तिघांना त्रास झाला, तर संशय माशावर. एकालाच झाला आणि तोच मासा ताजा, थोडा खाल्ला तरी दर वेळी होतो, तर ॲलर्जीची शक्यता जास्त. मात्र एका पाटीतले सगळे बांगडे सारखे बिघडलेले नसतात, म्हणून एकालाच झालं एवढ्यावर निकाल देऊ नये. कोलंबी, कुर्ल्या खाऊन त्रास होणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे बहुधा ट्रोपोमायोसिन या प्रथिनाची ॲलर्जी असते, आणि ते शिजवूनही टिकतं. कोणती ॲलर्जी ते डॉक्टरांकडून तपासून घ्यावं, घरी पुन्हा खाऊन बघू नये.

सगळं अडतं ते बर्फावर. रापणीचा बांगडा किनाऱ्यावर फडफडत येतो, त्याच्या ताजेपणाबद्दल वादच नाही. पण तोच दोन-तीन तास उन्हात, बर्फाशिवाय पाटीत फिरला तर फडफडण्याला काही अर्थ उरत नाही. बाजारात मासे सगळ्यांत शेवटी घ्यावेत. थर्माकोलच्या डब्यात किलोभर माशाला किलोभर बर्फाचा चुरा, खाली, वर आणि मध्ये. मोठा तुकडा एका कोपऱ्यात टाकला की तेवढीच बाजू गार होते. वितळलेलं पाणी काढत राहावं. घरी आल्यावर कल्ले आणि आतडी लगेच काढून, धुऊन, चार अंशांच्या खाली ठेवावा. मीठ-आगळ माखून ओट्यावर तासभर मुरवत ठेवायची सवय बांगड्याला घातक. माखलेला मासाही फ्रिजमध्येच मुरवावा. गोठवलेला मासा रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळायला ठेवावा, ओट्यावर नाही. आणि उरलेलं कालवण रात्रभर चुलीशेजारी ठेवू नये.

त्रास सुरू झालाच तर खाणं थांबवावं. बहुतेकांना काही तासांत, फार तर दिवसभरात उतार पडतो. डॉक्टर हिस्टामिनविरोधी गोळी देतात. अंगाला आमसुलाचं पाणी लावल्याने कातडीला गार वाटतं, पोटातल्या हिस्टामिनवर त्याचा परिणाम नाही. श्वास लागला, जीभ किंवा घसा सुजला, चक्कर येऊन पडायला झालं, तर थांबायचं नाही, १०८ ला फोन करायचा. दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी साध्या त्रासातही डॉक्टरांना दाखवावं.

क्षयरोगावर आयसोनियाझिड घेणाऱ्यांना हा त्रास अधिक तीव्र होऊ शकतो, कारण हिस्टामिन मोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ते औषध अडवतं. त्यांनी गोळ्या चालू असेपर्यंत बांगडा-कुपा टाळावा. औषध मात्र मनाने बंद करू नये.