पोज्जोचा उतार

शनिवार, रात्री दहा

भाऊबीजेला दादाचा फोन आला तेव्हा त्याला सांगून टाकलं, या शनिवार-रविवारी मी सायकल घेऊन पोज्जोला जाते आहे, इटलीतल्या सानरेमोच्या टेकडीवर. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चढाची काळजी नाही गं. उतारावर ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही. एवढंच लक्षात ठेव."

दिवे घाटात मी पडले तेव्हा तो पुढे होता. अकरा वर्षं झाली त्याला. सासवडहून पुण्याकडे उतरत होतो. वळणावर बारीक खडी पसरलेली होती. ती दिसल्यावर घाबरून मी वळणातच पुढचा ब्रेक दाबला आणि डाव्या खांद्यावर आपटले. कॉलरबोन जुळलं, सायकलही दुरुस्त झाली. पण तेव्हापासून चढ कुठलाही असो, मी चढते. उतार मात्र दोन्ही ब्रेक आवळून, बोटं बधिर होईपर्यंत, रस्त्याच्या कडेकडेने उतरते. तुरीनला आल्यावर भोवती एवढे डोंगर मिळाले तरी हे सुटलं नाही.

आणि पोज्जो म्हणजे उतारच. मिलान-सानरेमो ही सायकल शर्यत 1907 पासून चालू आहे. पहिल्या वर्षी पेती-ब्रेताँ जिंकला होता. जवळजवळ तीनशे किलोमीटर, एका दिवसात. 1960 साली शेवट फार सोपा होतोय म्हणून सानरेमोच्या डोक्यावरची ही टेकडी रस्त्यात घातली, 1982 मध्ये तिच्या आधी चिप्रेस्सा हा आणखी एक चढ घातला. चढावर कोणी पळ काढतो हे खरं, पण तो टिकतो की सापडतो हे उतारावर ठरतं. 1992 मध्ये शॉन केलीने आर्जेन्तीनला या उतारावरून पाठलाग करून गाठलं. 2022 मध्ये मोहोरिच खाली-वर होणारी सीट लावून आला आणि सगळ्यांना मागे टाकून एकटा उतरला.

पण मला इथे आणलं ते यंदाच्या, म्हणजे 2025 च्या मार्चने. बायकांची सानरेमो वीस वर्षांनी परत आली. 1999 ते 2005 अशी काही वर्षं 'प्रिमावेरा रोझा' नावाने ती होती, मग बंद पडली. यंदा जेनोआहून 156 किलोमीटर, किनाऱ्यावरची तीच भूशिरं, तीच चिप्रेस्सा, तोच पोज्जो. लोरेना वीबेस जिंकली. मी घरात टीव्हीसमोर उभी राहून पाहत होते. पोज्जोच्या वळणांतून त्या ज्या विश्वासाने खाली येत होत्या, ते बघताना घशात काहीतरी दाटून आलं. त्या संध्याकाळीच ठरवलं, हा रस्ता उतरायचा.

आज सकाळी तुरीनहून सावोना, तिथे गाडी बदलून सानरेमो. फिनालेपासून आंदोरापर्यंत रूळ अजून समुद्राला चिकटून आहेत, आणि लाइन एकेरी आहे. आंदोरानंतर गाडी बोगद्यांत शिरते ती जवळजवळ शेवटपर्यंत. किनाऱ्यावरची जुनी लाइन तुकड्यातुकड्याने आत डोंगरात नेली. सान लोरेन्झोपासून ओस्पेदालेत्तीपर्यंतचा तुकडा 2001 मध्ये रिकामा झाला, आणि त्यावर आता चोवीसेक किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. सानरेमोचं स्टेशनसुद्धा डोंगराच्या पोटात आहे. सायकल ढकलत त्या लांबलचक बोगद्यातून चालत बाहेर आले आणि एकदम ऊन, ताडाची झाडं, मिठाचा वास.

दुपारी पोज्जो चढले. 3.7 किलोमीटर, सरासरी चार टक्क्यांच्या आत. ताज्या पायांना तो लागलाच नाही. दोन्ही बाजूंना काचघरं. या किनाऱ्याला फुलांचा किनारा म्हणतात, इथून फुलं युरोपभर जात. आता बरीच काचघरं फुटकी, आत रानटी वेली. माथ्यावर पोचले तरी श्वास चढलेला नव्हता. यासाठी जग वेडं होतं? खरंच थोडी खट्टू झाले.

मग उतरले. नेहमीसारखीच. एक शाळकरी मुलगा स्कूटरवरून मला ओलांडून गेला, दप्तर पाठीवर हलत होतं. खाली आउरेलियाला, म्हणजे समुद्रकाठच्या मोठ्या रस्त्याला लागले तेव्हा दोन्ही हातांचे पंजे उघडत नव्हते.

तिथेच सायकलला कुलूप लावलं आणि तो उतार पायी चढायला लागले. हे आधी ठरवलेलं नव्हतं. हात चोळत उभी होते, आणि वाटलं, ज्या रस्त्याची भीती वाटते तो आपण अजून नीट पाहिलेलाच नाही. सायकलवर असताना माझी नजर पुढच्या चाकाच्या हातभर पुढे खिळलेली असते. पायी चालताना सगळं दिसलं. कुठल्या वळणाच्या आतल्या अंगाला गटाराचं लोखंडी झाकण आहे. कुठे काचघरातून पाणी झिरपून रस्त्यावर ओला पट्टा आलाय. कुठे कठडा कमरेएवढाच आहे, म्हणजे वळणापलीकडचा रस्ता आधीच दिसतो. कुठे घराची भिंत रस्त्यावर आलीय आणि काहीच दिसत नाही, तिथे समोरच्या फाटकावर गोल आरसा लावलेला आहे. माथ्यापर्यंत गेले, मग तसंच प्रत्येक वळणावर थांबत खाली आले. सायकल जिथे आडवी व्हायला हवी तिथे उभी राहून पुढे पाहिलं. येताजाता दीड तास मोडला. एका आजीबाईंनी गॅलरीतून विचारलं, काही हरवलंय का? मी म्हटलं, रस्ता बघतेय. त्यांनी मान डोलावली.

रविवार, रात्री नऊ

पहाटे घड्याळं एक तास मागे गेली. झोप तासभर जास्त मिळाली, पण संध्याकाळ तासाने जवळ आली, आणि साडेपाचच्या आत सूर्य बुडणार. म्हणून पहिल्या गाडीने सावोना गाठलं. तिथून आउरेलियाने परत सानरेमो, वाटेत चिप्रेस्सा आणि पोज्जो, मिळून शंभरेक किलोमीटर. शर्यतीचा हा शेवटचा तिसरा हिस्सा.

नोलीनंतर रस्ता कड्यात कोरलेला आहे. डाव्या हाताला कठडा आणि खाली थेट पाणी, इतकं निळं की नजर तिकडेच जाते, आणि ती तिकडे जाऊ द्यायची नसते. वारिगोत्ती, फिनाले. फिनालेत उभ्याउभ्या फोकाच्चा खाल्ला, तेलाने बोटं चकचकीत. लोआनो, आल्बेंगा सपाट. लिहिण्यासारखं काही नाही, गाड्या फार. आलास्सियोच्या समोर गाल्लिनारा बेट पाण्यात पाठ वर काढलेल्या कासवासारखं दिसतं.

लाइग्वेलियापासून तीन भूशिरं लागतात. इथले लोक त्यांना नुसतं 'कापी' म्हणतात. कापो मेले, कापो चेर्वो, कापो बेर्ता. पहिली दोन साठ-पासष्ट मीटर उंचीची, तिसरं 130. आकडे वाचून हसू येतं. पण सत्तरेक किलोमीटर झाल्यावर बेर्ताच्या चढावर मांड्या बोलू लागल्या. चढ दोन किलोमीटरचाही नाही, तरी मी सगळ्यात हलका गिअर शोधत होते. समुद्रकाठच्या या रस्त्याचं असंच आहे. कुठेही घाट नाही, आणि कुठेही पाय सैल सोडता येत नाहीत.

इम्पेरिया ओलांडून सान लोरेन्झोनंतर उजवीकडे चिप्रेस्साचा फाटा. इथे किनाऱ्याचा गोंगाट एकदम खाली राहतो. 5.6 किलोमीटर ऑलिव्हच्या झाडांतून. ही ताज्जास्का जात, शेजारच्या ताज्जा गावाच्या नावाची, फळ छोटंसं, करवंदाएवढं. झाडांखाली जाळी अंथरायला सुरुवात झाली आहे. फळ पडेल तसं त्यात गोळा होतं. आणि डोंगर सगळा पायऱ्यापायऱ्यांचा, प्रत्येक पायरीला दगडावर दगड रचलेली भिंत, चुना नाही, माती नाही. इथे तिला 'मुरेत्तो आ सेक्को' म्हणतात. मी देवगडच्या आजोळी वाढलेली. माझ्यासाठी तो गडगाच. आमचा जांभ्याचा, हा करड्या दगडाचा. आजोबा पावसाळ्यानंतर ढासळलेला गडगा स्वतः लावायचे, आणि एकेक दगड हातात फिरवून त्याला तोंड कुठल्या बाजूला हवंय ते बघायचे. 2018 साली युनेस्कोने ही बिनचुन्याची भिंत रचायची कला मानवतेचा वारसा म्हणून नोंदवली. यादीत इटली आहे, ग्रीस आहे, क्रोएशिया आहे, आणखी देश आहेत. आमचे गडगे लावणारे त्यात नाहीत याचं मला चढाच्या मध्यावर खरोखर वाईट वाटलं. काही ठिकाणी भिंत फुटून माती खालच्या पायरीवर आली होती. ही भिंत लावायला आता माणूस मिळत नसेल तर हा डोंगर किती दिवस पायऱ्यांवर उभा राहील?

चिप्रेस्साच्या उतारावर थोडं धाडस केलं, फार नाही. खाली आल्यावर पोज्जोपर्यंत नऊ किलोमीटर सपाट, समोरून वारा. हे नऊ किलोमीटर टीव्हीवर कधी लक्षात राहत नाहीत. आर्मा दी ताज्जामध्ये डोळ्यांपुढे अंधारी आली. एका भट्टीत फारिनाता मिळाली: चण्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ, मोठ्या तांब्याच्या परातीत भाजलेली. वरून मिरपूड. बेसनाची ही चव कुठेही असली तरी घरची. फुटपाथवर बसून दोन तुकडे खाल्ले आणि डोळे भरून आले. दमल्यावर माझं असं होतं.

पोज्जो लागला तेव्हा साडेचार वाजून गेले होते. कालचाच रस्ता, कालचाच चढ, आणि आज प्रत्येक वळण मोजावं लागत होतं. काल मी खट्टू झाले होते, कारण मी तो शेवटून सुरू केला होता. माझ्या पायांत शंभर किलोमीटर होते तर ही गत. शर्यतीत इथे येणाऱ्यांच्या पायांत जवळजवळ तीनशे असतात आणि ते दुप्पट-तिप्पट वेगाने येतात. तेव्हा चार टक्केसुद्धा कुणाला तरी तोडायला पुरत असणार.

माथ्यावर थांबले नाही. थांबले असते तर विचार आला असता.

हात हँडलच्या खालच्या वाकावर ठेवले, आणि पहिल्याच वळणाच्या आधी ब्रेक मारून सोडला. सोडला. अकरा वर्षांत पहिल्यांदा वळणात बोटं मोकळी होती. सायकल आडवी झाली आणि आपोआप बाहेर आली. नजर चाकावर नव्हती; कमरेएवढ्या कठड्यावरून पलीकडचा रस्ता दिसत होता, तो तिथेच होता, काल पाहिला तसाच. लोखंडी झाकणाला बाहेरून गेले. ओला पट्टा आज सुकला होता, तरी तो येणार म्हणून आधीच वेग कमी केला. मग तो घराच्या भिंतीचा कोपरा. आरशात काहीतरी पांढरं हललं, आणि मी वळणाच्या ऐन मध्यात दोन्ही ब्रेक आवळले. मागचं चाक घसरलं, पाय टेकला, उभी राहिले. एक छोटी गाडी हळूच बाजूने वर गेली. चालवणाऱ्याने हात केला. छाती धडधडत होती, खांद्यात जुनी कळ आल्यासारखं वाटलं. आली नव्हती. पुन्हा पेडल घातलं. त्याच्याखालची सगळी वळणं ब्रेक आधी मारून, सोडून उतरले.

व्हिया रोमावर रविवारची गर्दी होती, बाबागाड्या, आइस्क्रीम. शर्यत संपते त्या रस्त्यावरून सायकल हातात धरून चालत गेले. दिवे लागले होते.

दादाकडे रात्रीचे दहा वाजत आले होते, पण तो जागा होता. विचारलं, "ब्रेक?"

लिहिलं, "एका वळणात मारला. बाकी सगळे आधी."

"कुठलं वळण?"

मी भिंतीचा तो कोपरा, आरसा, फाटक, पलीकडचा रस्ता कसा दिसत नाही ते सगळं लिहून पाठवलं. बराच वेळ 'टाइप करत आहे' दिसत राहिलं. मग त्याचं आलं, "तिथे मीही मारला असता."