पहाटे ३:५२

सोलापुरात विद्यापीठाच्या मुलांना मी संगणक आणि नेटवर्क फॉरेन्सिक, म्हणजे त्यांतून गुन्ह्याचे पुरावे शोधायचं शास्त्र, शिकवतो. शेवटच्या प्रात्यक्षिकाला एक काल्पनिक प्रकरण असतं. यंदा चादरीच्या कारखान्यातून जकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या मागाच्या) नव्या डिझाइनच्या फायली बाहेर गेल्या होत्या. पुरावा म्हणून लॅपटॉप, पेनड्राइव्ह आणि वॉचमनच्या नोंदवहीचं पान दिलं होतं.

मुलांनी सुरुवात चोख केली. मूळ पुराव्यावर काहीच लिहू न देणारा राइट ब्लॉकर लावून इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घेतली, एसएचए-२५६ हॅश, म्हणजे मजकुराचा डिजिटल ठसा, काढला, मूळ आणि प्रतीची ६४ अक्षरं तंतोतंत जुळली. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, डिजिटल पुरावा कोर्टात देताना लागणारं प्रमाणपत्रही हॅशसकट भरलं.

मग एका गटानं अहवाल वाचला : “संशयितानं पहाटे ३:५२ ला गुपचूप येऊन पेनड्राइव्ह जोडला आणि ९:२४ ला फायली कॉपी केल्या.” सगळ्यांना पटलं.

एक मुलगी मात्र उठली. तिचे वडील लूमवर काम करतात. “सर, नोंदवहीत ऑफिस नऊला उघडलंय. आणि पाच तास नुसता पेनड्राइव्ह लावून कोण बसतंय ओ?”

मला हाच प्रश्न हवा होता. विंडोजची रजिस्ट्री, म्हणजे तिची अंतर्गत नोंदवही, पेनड्राइव्ह जोडल्याची वेळ यूटीसीत, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, ठेवते. पेनड्राइव्ह होता फॅट-३२ या फायली साठवायच्या पद्धतीचा. त्यावर फाइल तयार झाल्याची वेळ लॅपटॉपच्या घड्याळाप्रमाणे (इथं भारतीय वेळेनं) पडते, आणि ती कुठल्या देशाची वेळ हे कुठंच लिहिलेलं नसतं. ३:५२ मध्ये साडेपाच तास मिळवले की ९:२२. म्हणजे जोडल्यावर दोनच मिनिटांत कॉपी. पहाटेचा प्रश्नच नाही.

मला काळजी वाटते ती याचीच. हॅश जुळला की मुलांना सगळंच सिद्ध झाल्यासारखं वाटतं. हॅश एवढंच सांगतो की प्रत मुळासारखी आहे. आकड्यांचा अर्थ आपणच लावायचा असतो. उद्या खऱ्या प्रकरणात असा एक ‘पहाटे’ अहवालात गेला, तर दिवसाढवळ्या कामावर आलेला माणूस चोर ठरेल.

“आणि ‘गुपचूप’ कुठल्या नोंदीत सापडलं?” मी विचारलं. कुणाकडंच उत्तर नव्हतं. तोही शब्द खोडला.

लॅपटॉपवर लॉगिन एकच होतं आणि ते तिघं जण वापरायचे. नव्या अहवालात त्या मुलीनं लिहिलं : “पेनड्राइव्ह भारतीय वेळेनुसार सकाळी ९:२२ ला जोडला गेला. कोणी जोडला, हे या पुराव्यावरून सांगता येत नाही.”

मी त्या गटाला पूर्ण गुण दिले आणि राउटरच्या नोंदी उघडायला सांगितल्या.