हॅरोची टेकडी आणि तिथले विद्यार्थी

लंडनच्या वायव्येला मेट्रोपॉलिटन लाइनने हॅरो-ऑन-द-हिल स्थानकावर उतरले की टेकडीवरच्या सेंट मेरी चर्चचा निमुळता मनोरा नजरेत भरतो आणि चढ सुरू होतो. हॅरो शाळेला एका कुंपणात मावणारे आवार नाही. टेकडीवरचा मुख्य रस्ता हाच तिचाही रस्ता, आणि त्याच्या दोन्ही अंगांना वसतिगृहे, वर्ग, प्रार्थनामंदिर व वाचनालय पसरलेले आहे. आम्ही वर पोहोचलो तेव्हा तास बदलत होता. गडद निळे कोट आणि उथळ, सपाट गवती टोप्या घातलेली मुले पुस्तके सांभाळत रस्ता ओलांडत होती. जॉन लायन नावाच्या शेतकऱ्याने 1572 मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीकडून सनद मिळवून स्थापन केलेल्या या शाळेने ब्रिटनला सात पंतप्रधान दिले. भारताचे पहिले पंतप्रधानही इथेच शिकले, आणि मला ही टेकडी पाहायची होती ती मुख्यतः त्यांच्यासाठी.

रंगीत विटांचे, उभ्या गॉथिक खिडक्यांचे वाचनालय पाहताना मुंबईच्या माणसाला ओळख पटल्यासारखे होते, आणि त्याला कारणही आहे. 1863 मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांची. मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडेही त्यांचेच.

शाळेची सर्वांत जुनी खोली, ‘फोर्थ फॉर्म रूम’, 1615 सालच्या इमारतीत आहे. आत उजेड बेताचा, बाके अरुंद आणि भिंतींना ओकच्या काळपट फळ्या. त्या फळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांनी आपली नावे इतकी दाटीने कोरली आहेत की कोरी जागा शोधावी लागते. बायरन आणि रॉबर्ट पील यांची नावे इथे आहेत. दोघेही 1788 मध्ये जन्मलेले आणि एकाच काळात या शाळेत शिकलेले. एक कवी झाला आणि दुसऱ्याने पंतप्रधान होण्यापूर्वी गृहमंत्री म्हणून लंडनचे पोलीस दल उभे केले.

बायरनच्या खुणा चर्चच्या आवारातही आहेत. तो तासन्‌तास बसून राही ते थडगे आता लोखंडी गजांनी बंदिस्त आहे, कारण चाहते आठवण म्हणून दगडाचे टवके काढून नेऊ लागले होते. मला मात्र प्रवेशद्वाराजवळची छोटी पाटी अधिक अस्वस्थ करून गेली. बायरनची पाच वर्षांची मुलगी अलेग्रा 1822 मध्ये इटलीत वारली. तिला या चर्चमध्ये पुरावे आणि तिच्या नावाची शिळा बसवावी अशी त्याची इच्छा होती. परंतु अनौरस मुलीच्या नावाला चर्चच्या कारभाऱ्यांनी जागा नाकारली आणि तिला दाराबाहेर, नावाशिवाय पुरण्यात आले. ही पाटी लागायला 1980 साल उजाडले.

विन्स्टन चर्चिल 1888 ते 1892 या काळात इथे होते. नवखे असताना त्यांनी पोहण्याच्या तलावाकाठी उभ्या असलेल्या एका ठेंगण्या मुलाला लहान समजून पाण्यात ढकलले. तो निघाला वरच्या वर्गातला, नावाजलेला विद्यार्थी लिओ ॲमरी. हा ॲमरी गोरखपूरला जन्मलेला. पुढे 1940 मध्ये चर्चिल पंतप्रधान झाले आणि ॲमरी त्यांचे भारतमंत्री. ऑगस्ट 1942 मध्ये याच दोघांच्या सरकारने जवाहरलाल नेहरूंना अहमदनगरच्या किल्ल्यात डांबले ते मार्च 1945 पर्यंत. चर्चिल शाळेत बहुतांश काळ मुख्याध्यापकांच्या वसतिगृहात राहिले होते, आणि नेहरूही त्याच वसतिगृहातले. अहमदनगरचा किल्ला आपण शाळेच्या सहलीत पाहतो, नेहरूंची खोलीही पाहतो; पण कैदी आणि त्याला कैदेत ठेवणारे एकाच छपराखाली वाढले होते, हे तिथे उभे राहून माझ्या कधी मनात आले नव्हते. एका शाळेचे संस्कार माणसाची राजकीय बाजू ठरवत नाहीत, याचा याहून ठळक पुरावा मला माहीत नाही.

नेहरू 1905 मध्ये, पंधराव्या वर्षी इथे आले. त्यांच्या वसतिगृहात बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा एक मुलगा होता. तो वयाने बराच मोठा आणि क्रिकेटमुळे सर्वांचा लाडका. नेहरू आल्यावर थोड्याच काळात तो शाळा सोडून गेला. 1906 आणि 1907 मध्ये बंगाल, पंजाब आणि महाराष्ट्रातून बातम्या येत होत्या. लाला लजपत राय यांची हद्दपारी, स्वदेशी, बहिष्कार आणि पुण्याहून वारंवार झळकणारे टिळकांचे नाव. या बातम्यांनी आपण हलून गेलो, पण हॅरोमध्ये त्याविषयी बोलायला एकही माणूस नव्हता, असे नेहरूंनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. अभ्यासाचे बक्षीस म्हणून त्यांना इटलीच्या स्वातंत्र्यलढ्याचा सेनानी गॅरिबाल्डी याच्यावरचे एक पुस्तक मिळाले. ते लिहिणारे इतिहासकार ट्रेव्हेल्यन हेही हॅरोचेच विद्यार्थी. ते वाचून इटलीसारखा लढा भारतात उभा राहिल्याची चित्रे नेहरूंच्या डोळ्यांपुढे येऊ लागली.

हे वाचलेले असल्यामुळे दुपारी आम्ही उत्तर लंडनमधल्या हायगेटला गेलो. क्रॉमवेल ॲव्हेन्यूवरचे 65 क्रमांकाचे विटांचे घर म्हणजे क्रांतिकारकांचे पाठीराखे श्यामजी कृष्णवर्मा यांचे इंडिया हाऊस, हिंदी विद्यार्थ्यांचे वसतिगृह. टिळकांच्या शिफारशीने शिष्यवृत्ती मिळवून विनायक दामोदर सावरकर 1906 मध्ये इथे राहायला आले, आणि गॅरिबाल्डीचा सहकारी माझिनी याचे आत्मवृत्त त्यांनी मराठीत आणले. ते 1907 मध्ये महाराष्ट्रात प्रसिद्ध झाले आणि सरकारने त्यावर बंदी घातली. भिंतीवरच्या पाटीवर सावरकरांचे नाव आणि ‘भारतीय देशभक्त आणि तत्त्वज्ञ’ एवढाच उल्लेख आहे. हॅरोच्या टेकडीवर ज्या विषयावर बोलायला नेहरूंना सोबती मिळत नव्हता, तोच विषय घेऊन त्याच वर्षांत या घरात हिंदी विद्यार्थ्यांच्या सभा भरत होत्या.