सगळी जमीन सपाट कशाला करायची?

सेकंड लाईफ या ऑनलाइन थ्रीडी आभासी जगात कोणीही नवीन जमीन घेतली की पहिलं काम काय, तर जमिनीचा आकार बदलायचं एडिट टेरेन उघडायचं, फ्लॅटन (सपाट करा) निवडायचं, ब्रश मोठ्ठा करायचा आणि सगळं इस्त्री मारल्यासारखं करून टाकायचं. मग त्यावर घर, चार झाडं, आणि वर तक्रार, "काहीतरी खोटं खोटं वाटतंय यार". वाटणारच ना, उतारच ठेवला नाहीस तर!

आधी ही जमीन आहे काय ते बघा. एक रीजन म्हणजे तिथल्या जमिनीचा एक चौकोन, 256 बाय 256 मीटर, आणि त्यात साधारण दर मीटरला उंचीचा एक आकडा, बास. एका जागी एकच उंची, म्हणून गुहा होत नाही, पुढे झुकलेला कडा होत नाही, आणि अगदी उभा कडा करायला गेलात की टेक्स्चर, म्हणजे जमिनीवर चढवलेलं चित्र, ताणलं जाऊन घाण दिसतं. कडा हवाच असेल तर जमीन जरा मागे घ्या आणि पुढे मेशचे (तयार थ्रीडी मॉडेलचे) दगड लावा, सगळे तेच करतात.

पाणी डिफॉल्टला 20 मीटरवर असतं. त्यामुळे किनाऱ्याची खरी मजा 19 ते 21 या दोन मीटरांत आहे. हा उतार पाच मीटरात संपवलात तर बंधारा दिसतो, पंधरा-वीस मीटर लांब खेचलात तर पुळण दिसते. आणि वाळू, गवत, खडक ही टेक्स्चर उंचीवरून ठरतात, म्हणजे टेकडी खाली आणली की तिचा रंग पण बदलतो, मग लोक म्हणतात माझं गवत कुठे गेलं.

आता घर. घरासाठी सगळा प्लॉट सपाट करायची काही गरज नसते हो. आपल्या कोकणात उतारावरच्या घराला काय करतात, जोतं बांधतात, खालच्या बाजूला उंच आणि वरच्या बाजूला बुटकं. इथेही तेच करायचं, घराखाली दगडाचं टेक्स्चर लावलेला एक जाड प्रिम (तिथला साधा ठोकळा) टाकायचा, त्याला पायऱ्या काढायच्या, आजूबाजूची जमीन आहे तशी. फक्त जोत्याच्या कडेला छोट्या ब्रशने, फोर्स कमी ठेवून स्मूद फिरवायचं. जोरात फिरवलंत तर टेकडीचा आकारच जातो.

मेनलँडवर, म्हणजे सेकंड लाईफच्या कंपनीच्या सलग जमिनीवर, बहुतेक ठिकाणी मूळ उंचीपासून 4 मीटर वर किंवा खाली एवढीच मुभा असते. तेवढ्यातही शेजारी भांडतात, कारण एकाने 4 मीटर भराव घातला आणि दुसऱ्याने 4 मीटर खणलं की मध्ये आठ मीटरची भिंत. हद्दीजवळचे दोन-तीन मीटर शेजाऱ्याच्या उंचीला जुळवून घ्या, उगाच कटकट नको.

मनासारखा डोंगर उठवायचा असेल तर स्वतःच्या कॉम्प्युटरवर ओपनसिम टाका, म्हणजे असंच जग स्वतः चालवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. त्याच्या कन्सोलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, टेरेन फिल 21 लिहिलं की अख्खं रीजन पाण्याच्या एक मीटर वर येतं, मग हवं तेवढं रेझ-लोअर खेळत बसा, कोणी विचारायला येत नाही. फक्त आकार जमला की लगेच टेरेन सेव्ह मारा, कारण मोठ्या ब्रशचा हात एकदा चुकून फिरला की तीच टेकडी परत तशीच्या तशी हाताने काढणं कोणालाच जमत नाही.